साखरपुड्याच्या अंगठीसाठी गोल हिरा सोडून दुसरा आकार घ्यावा का? तुम्हाला स्वतःला कोणता कट आवडतो?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात साखरपुडा आहे, अंगठीत एकच हिरा हवाय, दुकानात सगळे गोलच दाखवतात आणि तुम्हाला वेगळं काही घ्यायचंय पण धीर होत नाही. आधी सरळ उत्तर देते. बोटासाठी मला एमराल्ड कट, म्हणजे कोपरे छाटलेला लांबट चौकोन, आवडतो. कानासाठी जुन्या घडणीचा, हाताने पैलू पाडलेला हिरा. टोकदार कोपऱ्यांचा चौकोनी प्रिन्सेस कट मी रोजच्या वापरात घालणार नाही. गोल ब्रिलियंट, म्हणजे दुकानात दाखवतात तो नेहमीचा गोल कट, त्याच्याबद्दल मनात आदर आहे, पण जीव त्याच्यावर नाही.

मी एकोणीस वर्षं हिऱ्यांच्या असॉर्टिंगमध्ये काढली. आधी ऑपेरा हाऊसला, गिरगावातल्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. २०१० मध्ये भारत डायमंड बोर्स हा हिरेबाजार सुरू झाला आणि आमचं ऑफिस बीकेसीला गेलं. काम एकच. सुरतेहून आलेला तयार माल पांढऱ्या कागदावर ओतायचा, चिमट्याने एकेक नग उचलून भिंगाखाली धरायचा आणि रंग, शुद्धता, कट बघून त्या त्या ढिगात सारायचा. तिथे नग कुठल्या ढिगात जाणार एवढंच विचारतात. तुला यातला कोणता आवडला, असं मला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तुमचा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

एक फरक सुरुवातीलाच सांगते, कारण दुकानात तो हमखास पुसला जातो. आकार म्हणजे वरून दिसणारी कड : गोल, लांबट, थेंबासारखी. कट म्हणजे त्या आकारात पैलू किती, कुठे आणि कोणत्या कोनात पाडलेत ते. एकाच आकाराचे, एकाच वजनाचे दोन हिरे शेजारी ठेवले तर एक पेटलेला आणि दुसरा विझलेला दिसू शकतो. तो फरक कटचा.

सगळे गोल दाखवतात त्याला कारण आहे. गोल ब्रिलियंटला ५७ पैलू असतात, तळाच्या टोकाचा बारीकसा धरला तर ५८. बेल्जियममधल्या हिरे घासणाऱ्या घराण्यातल्या मार्सेल टोल्कोव्स्कीने १९१९ मध्ये त्याचं गणित मांडलं : वरच्या भागाचा उतार ३४.५ अंश, तळाचा ४०.७५. वरून आत गेलेला प्रकाश तळाच्या पैलूंवर दोनदा आपटून पुन्हा वरूनच बाहेर यावा, हा सगळा खटाटोप. तळ उथळ ठेवला की आत राखाडी कडं दिसतं, फार खोल ठेवला की मध्यभाग काळा पडतो. आम्ही असे नग भिंग न लावताही बाजूला काढायचो. जीआयए ही हिरे तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था २००६ पासून गोल ब्रिलियंटला कटची श्रेणी देते, त्यामुळे ‘एक्सलंट’ लिहिलेला गोल हिरा घेणाऱ्याची फसगत सहसा होत नाही. बाकीच्या आकारांची जी प्रमाणपत्रं माझ्या हाताखालून गेली त्यांत पॉलिश आणि सिमेट्री असायची, कटची श्रेणी नसायची. तिथे डोळ्यांवरच भिस्त. बजेट वीस-तीस सेंटचं (शंभर सेंट म्हणजे एक कॅरेट) असेल तर मीही गोलच घ्या म्हणेन. तीस सेंटचा गोल हिरा जेमतेम सव्वाचार मिलिमीटर असतो, आणि एवढ्याशा जागेत गोलाइतका प्रकाश दुसरा कुठलाच कट परत देत नाही.

तरी माझं मन त्याच्यावर का बसत नाही? गोल हिऱ्यात नजर थांबायला जागा नाही. कुठूनही बघा, उजेड परत तोंडावर येतो. आत काय आहे ते कळतच नाही.

हे मला नीट कळलं ते आजीच्या कुड्यांमुळे. दोन कुड्या, प्रत्येकीत सात हिरे, मागे सोन्याच्या फिरक्या. आजीकडून आईकडे आणि आईकडून माझ्याकडे आल्या. एका कुडीतला एक हिरा कोंदणात हलायला लागला म्हणून मी त्या एका सराफाकडे नेल्या. त्याने दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली धरून सांगितलं की कट जुनाट आहे, मधोमध भोक दिसतंय, मोडीत द्या, तेवढ्याच वजनाचे नवे गोल बसवून देतो. त्या वेळी मला कामाला लागून दोनच वर्षं झाली होती आणि नवा, गणिती गोल हाच उत्तम असं मीही मानायचे. हो म्हणायच्या बेतात होते. पण एकदा भिंगाखाली बघू म्हणून दुसऱ्या दिवशी कुड्या ऑफिसात नेल्या.

चौदातले कुठलेही दोन हिरे एकसारखे नव्हते. एक चक्क चौकोनाकडे झुकलेला, कारण कच्चा हिरा जसा होता त्याच्या कलाने कारागीर गेला होता. वरचा भाग उंच, माथ्याचा सपाट पैलू लहान, आणि तळाचं टोक तासून सपाट केलेलं. सराफाला दिसलेलं ‘भोक’ ते हेच, वरून बघताना तळाच्या त्या सपाट पैलूतून आरपार दिसत होतं. मोडू नये म्हणून टोक असं ठेवायची जुनी रीत होती. त्या वर्षी गौरींच्या संध्याकाळी आईने कुड्या घातल्या आणि दिवे गेले. समया तेवढ्या जळत होत्या. आई आरतीचं ताट घेऊन वळली तशी तिच्या कानाशी एक मोठी तांबडी ठिणगी उठली, मग निळी, मग काहीच नाही, मग पुन्हा तांबडी. नव्या कटची बारीक, एकसारखी लुकलुक नव्हती ती. पैलू मोठे, म्हणून ठिणगीही मोठी आणि सावकाश. वरचा उतार उंच, म्हणून रंग जास्त फुटतात. वीज नव्हती तेव्हा ज्योतीच्या उजेडात बघायला घडवलेले हिरे होते ते, आणि आपण त्यांना ट्यूबलाइटखाली नापास करत होतो. हलणारा हिरा मी दुसऱ्या कारागिराकडून घट्ट बसवून घेतला. आज त्याच कुड्या माझ्या कानात आहेत.

कोहिनूरचंही असंच झालं, फक्त कुणी त्याला वाचवलं नाही. १८५१ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात लोक तो बघायला लोटले आणि चमकत नाही म्हणून हिरमुसले. पुढच्या वर्षी प्रिन्स अल्बर्टच्या पुढाकाराने ॲमस्टरडॅमचे कारागीर आणून त्याला नव्याने पैलू पाडले. आजच्या मापाने १९१ कॅरेटचा हिरा १०५.६ कॅरेटचा लांबट ब्रिलियंट झाला. आपल्याकडच्या जुन्या कारागिरांचा कल हिऱ्याचं वजन राखण्याकडे होता, युरोपचा चमक वाढवण्याकडे.

आणि नाशिकचा हिरा. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला, नव्वद कॅरेटच्या आसपासचा. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि तो इंग्रजांच्या हाती लागून लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांकडे गेला. तिथे एकदा घासला गेला. पुढे १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो घेऊन पुन्हा कापला. आज तो ४३.३८ कॅरेटचा आहे, म्हणजे देवळातून निघाला त्याच्या निम्मासुद्धा उरला नाही. त्याचा आजचा कट कोणता, तर एमराल्ड. मला सगळ्यांत आवडणारा. त्याचा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा डोळे निवले, आणि त्याच क्षणी त्र्यंबकेश्वराचा गाभारा आठवून पोटात तुटलंही. अजून तसंच होतं.

आता एमराल्ड कट का, ते सांगते. बारवेच्या काठावर उभं राहून खाली बघितलंय कधी? पायरीखाली पायरी, तिच्यावर उजेडाची एक पट्टी, पुढच्या पायरीवर सावलीची, आणि तळाशी शांत पाणी. एमराल्ड कटमध्ये पैलू असेच कडेला समांतर, पायऱ्यांसारखे उतरत जातात. हिरा थोडा कलला की एक अख्खी पायरी उजळते आणि शेजारची काळोखते. मूळ हा कट पाचूसाठीचा. पाचू ठिसूळ, कोपरे उडू नयेत म्हणून ते छाटायचे. हिऱ्यातही ते छाटलेले कोपरे टिकाऊ ठरतात. याचाच चौकोनी भाऊ म्हणजे ॲशर, १९०२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या जोसेफ ॲशरने काढलेला. बारवेशी त्याचं साम्य तर आणखी जवळचं. पण माझी बोटं आखूड आहेत, त्यांवर लांबट एमराल्ड बरा दिसतो.

या कटमध्ये लपवाछपवी चालत नाही. माथ्याचा पैलू खिडकीसारखा मोठा, त्यामुळे गोल हिऱ्याच्या लखलखाटात जो डाग हरवून जातो तो इथे पाण्यातल्या खड्यासारखा दिसतो. पिवळटपणाही लवकर कळतो. मी स्वतःच्या बोनसमधून घेतलेला हिरा ६२ सेंटचा आहे, रंग जी (डी सगळ्यांत पांढरा, पुढच्या अक्षरांगणिक पिवळटपणा वाढतो), शुद्धता व्हीएस१ (डाग अगदी बारीक, व्हीएस२ त्याच्या खालची पायरी). त्याच पैशांत थोडा मोठा हिरा येत होता, पण त्यात माथ्याखाली पिसासारखी पांढरी चीर होती आणि ती रोज दिसली असती.

ओव्हल (लंबगोल), पेअर (थेंबासारखा) आणि मार्कीज (दोन्हीकडे टोक असलेला) या तिघांना एक सामाईक खोड आहे : मधोमध आडवी काळी सावली, बो टायच्या गाठीसारखी. थोडी असतेच, पण हिरा हलवला तरी जागची हटत नसेल तर तो नग सोडा. बोट लांब दिसावं ही इच्छा असेल तर ओव्हल खरंच छान. एक कॅरेटचा गोल साडेसहा मिलिमीटरचा, त्याच वजनाचा ओव्हल लांबीला पावणेआठच्या आसपास जातो, म्हणून मोठाही भासतो. पेअर आणि मार्कीजची टोकं मात्र जपावी लागतात.

तसंच प्रिन्सेसचं. कच्चा हिरा बहुधा दोन पिरॅमिड तळाला तळ लावून जोडल्यासारखा असतो. त्यातून चौकोनी प्रिन्सेस काढताना वजन पुष्कळ वाचतं, गोल काढताना निम्म्याहून अधिक जातं, म्हणून प्रिन्सेस स्वस्त पडतो. दिसतो देखणा, पण त्याचे चार कोपरे अगदी टोकदार असतात. हिरा कठीण आहे खरा, तरी ठरावीक दिशांनी तो चिरतो. दुरुस्तीला आलेल्या मालात कोपरा उडालेले प्रिन्सेस मी इतके बघितलेत की माझा हात त्यांच्याकडे जात नाही. घ्यायचाच असेल तर चारही कोपरे झाकणारे व्ही आकाराचे प्रॉंग, म्हणजे हिरा धरून ठेवणारे आकडे, मागा.

‘रोज’ म्हणजे गुलाबाच्या नावाचा कट आणि पोलकी, म्हणजे जवळजवळ न कापलेला हिरा, हे मला अंगठीपेक्षा गळ्यात आणि कानात आवडतात. तळ सपाट, मागे चमकीसाठी डाक, म्हणजे पातळ वर्ख, लावलेला, कोंदण बंद. रोज हात धुतल्यावर पाणी आत गेलं तर डाक काळी पडते.

तुम्हाला एवढंच सुचवेन की हिरा पसंत करताना तो हातात मागून घ्या आणि दुकानाच्या दारात, सावलीत जाऊन बघा. दुकानातले दिवे सगळ्याच हिऱ्यांना चमकवतात. तुम्ही दिवसभर ज्या उजेडात वावरता, ऑफिसचा असो की घरातला, तशा उजेडात तो कसा दिसतो ते बघा, आणि हात हळू फिरवून बघा. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा घेणार असाल तरी कटच्या बाबतीत हेच सगळं लागू. एमराल्ड मनात भरला तर रंग एचच्या खाली नको, शुद्धता व्हीएस२ च्या खाली नको, आणि बंद कोंदणाऐवजी चार कोपऱ्यांवर प्रॉंग घ्या, म्हणजे कडेनेही उजेड आत जाईल.