उत्तर: बारा पल्स असूनही चार व्होल्ट रिपल? कपॅसिटर खाली ठेव

रत्नागिरीच्या त्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी लिहितोय. ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ थ्री फेजवर बारा पल्सचा टीआरयू (विमानातल्या एसीचा डीसी करणारा ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायर संच; आत दोन डायोड ब्रिज, एक स्टार वाइंडिंगवर, एक डेल्टावर, प्रत्येकी सहा पल्सचा) बांधलाय, २८ व्होल्ट डीसीवर शिखरापासून तळापर्यंत चार व्होल्ट रिपल (डीसीवर उरलेली लाट) येतोय, आणि विचारतोयस की आणखी मोठा कपॅसिटर लावू का.

अरे बाबा, नको. मी नेमकं तेच केलं होतं, वेंगुर्ल्याला, ऐन पावसात.

आकडा नीट बघ. बारा पल्सला, फिल्टर नसतानाही, २८ व्होल्टवर साधारण एक व्होल्ट रिपल यायला हवा. चार व्होल्ट हा सहा पल्सचा आकडा आहे. म्हणजे तुझा एक ब्रिज बहुतेक झोपलाय. खात्री करायची तर ऑसिलोस्कोपवर लाटेची उंची सोड, फ्रिक्वेन्सी मोज. ४८०० हर्ट्झ असेल तर दोन्ही ब्रिज चालू, २४०० ठळक दिसले तर एकच. ८०० दिसले तर फेज गेलाय किंवा असमतोल आहे, आणि ४०० दिसले तर एखादा डायोड उघडा.

मी काय केलं? कपॅसिटरवर कपॅसिटर. रिपल खाली आला, मी खूश. पण इनपुट करंट टोकदार झाला, डायोड तापायला लागले आणि एक उडाला. मग बॉक्स एका तपासणी केंद्राकडे पाठवला. नाव घेत नाही. तीन महिने, भरपूर फी, आणि कागदावर एकच शब्द: ‘अनुत्तीर्ण’. वेव्हफॉर्म नाही, लोड किती ठेवला ते नाही. फोन केला तर ‘साहेब रजेवर’. एवढ्या वेळात गणपती येऊन गेले!

शेवटी डीसी क्लॅम्प मीटर दोन्ही ब्रिजच्या वायरीवर आळीपाळीने लावला. स्टारकडे जवळजवळ सगळा करंट, डेल्टाकडे नावाला. डेल्टा ब्रिजच्या डीसी लगखाली (वायरीच्या टोकाच्या जोडपट्टीखाली) हिरवा गंज साचला होता, आपली खारी हवा! असा असमतोल झाला की इंटरफेज रिॲक्टरचा (दोन ब्रिजना जोडून करंट वाटून देणाऱ्या कॉइलचा) गाभाही सॅच्युरेट होतो. लग बदलली, पाच मिनिटांचं काम.

दोन्ही ब्रिज सारखे वाटून घेऊ लागले की मग छोटा एलसी (कॉइल आणि कपॅसिटरचा) फिल्टर लाव, माझ्या मते तेवढा पुरतो. लोड लावूनच मोज, रिकाम्यावर इंटरफेज काम करत नाही आणि व्होल्टेज चढतो. प्रोबची ग्राउंड वायर बोटभर ठेव. आणि मिल-एसटीडी-७०४ (विमानातल्या वीजपुरवठ्याचं अमेरिकन लष्करी मानक) मधली १.५ व्होल्टची मर्यादा सरासरीपासून शिखरापर्यंतची आहे, शिखर ते तळ नाही. यावर मी गाइडशी भांडलोय.

हे सगळं बेंचपुरतं. वापरातल्या विमानाला मॅन्युअल आणि लायसन्सवाला माणूस सोडून कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. तुझं ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग मी पाहिलेलं नाही, त्यामुळे चुकत असेन तर स्कोपचा फोटो टाक. माझे ते कपॅसिटर अजून पडवीत पडलेत, हवे असतील तर प्रोजेक्ट झाल्यावर घेऊन जा.