मुलीला जिल्हाभरातल्या शाळांचं विज्ञान बघायचंय. असं पद असतं का?

प्रश्न : माझी मुलगी एम.एस्सी. (भौतिकशास्त्र) दुसऱ्या वर्षाला आहे. बी.एड. करणार, पण आयुष्यभर एकाच शाळेत राहायचं नाही म्हणते. तिची मावसबहीण अमेरिकेत शिक्षिका आहे. तिकडे डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या हायस्कूलांचं विज्ञान पाहणारा सायन्स कोऑर्डिनेटर असतो म्हणे. आपल्याकडे असं काही आहे का? नसेल तर सरळ एमपीएससी द्यायला सांगू का?
– एक पालक, बार्शी

सप्रेम नमस्कार.

जाहिरात निघाली, अर्ज केला आणि नव्या मुलीला थेट मिळालं, असं हे पद आपल्याकडे नाही. काम मात्र आहे, आणि ते चार-पाच जणांत वाटलेलं आहे. अमेरिकेत डिस्ट्रिक्ट (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारं मंडळ) हाच शिक्षकांचा मालक असतो. नेमणूक त्याची, प्रशिक्षणाचे दिवस त्याचे. आपल्या माध्यमिक शाळा बहुतांशी खाजगी अनुदानित. नेमणूक संस्थेची, पगार सरकारचा, पुस्तक बालभारतीचं, परीक्षा मंडळाची. जिल्ह्याचं विज्ञान बघणाऱ्याचा यातल्या कशावरच हुकूम चालत नाही. मुख्याध्यापकाला फोन करून, गोडीगुलाबीने, कधी पाठपुरावा करून करून काम काढून घ्यावं लागतं. मुलीला हे जमेल का, ते तिच्या गुणपत्रिकेवरून कळणार नाही. घरात तुम्हालाच माहीत असेल.

आता हे काम करतं कोण? जिल्हा परिषदेत माध्यमिकचे शिक्षणाधिकारी आणि त्यांच्या हाताखालचे अधिकारी, ‘डाएट’मधले (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतले) अधिव्याख्याता, तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी, आणि प्रत्यक्ष राबणारे विज्ञान अध्यापक संघाचे शिक्षक. विज्ञान प्रदर्शन तालुका, जिल्हा, राज्य असं वर चढत जातं. तिथले तक्ते, परीक्षक, जेवणावळी हीच मंडळी सांभाळतात. इन्स्पायर-मानक या केंद्र सरकारच्या योजनेसाठी शाळांकडून मुलांच्या कल्पना नोंदवून घ्यायच्या. निवड झालेल्या मुलाच्या खात्यात 10,000 रुपये जमा होतात, म्हणजे व्हायला हवेत. पासबुकावर ‘पाटील’ आणि आधारवर आणखी काही असलं की तो पाठपुरावाही यांच्याच गळ्यात.

हे झालं दिसणारं काम. खरं काम प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. खेड्यातल्या कितीतरी हायस्कूलांत सूक्ष्मदर्शक आहे, पण कुलपात. कारण तो जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या सामानाच्या यादीत चढलेला. फुटला तर शिक्षकाला लेखी खुलासा द्यावा लागणार आणि निर्लेखनाचा, म्हणजे ती वस्तू यादीतून काढण्याचा प्रस्ताव वर्षभर फिरणार. मग सर आकृती काढून मोकळे होतात. दहावीला दोन्ही भागांचे लेखी 40-40 गुण आणि प्रात्यक्षिकाचे 20. ते 20 असेही पडतातच, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हे कुलूप उघडायचं असेल तर प्रयोगावर व्याख्यान देऊन भागत नाही. मुख्याध्यापकांच्या बैठकीत नोंदवहीचा विषय काढावा लागतो, तुटफूट कशी दाखवायची ते लेखी काढून घ्यावं लागतं, प्रयोगशाळा परिचराला सोबत घ्यावं लागतं. जिने स्वतः कधी ती कपाटाची किल्ली मागितलेली नाही, तिला ही गोष्ट सुचणारही नाही. म्हणून वर्ग टाळून थेट वर जायचा रस्ता मी सुचवत नाही.

एक वाचन मात्र तिला आत्तापासून करायला सांगा. मध्य प्रदेशातला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. 1972 साली 16 शाळांत सुरू झाला, सहावी ते आठवीसाठी. 1978 मध्ये जिल्हाभर गेला. 1982 पासून ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला. प्रत्येक शाळेला प्रयोगाची पेटी, परीक्षेत पुस्तक उघडून बघायची मुभा, आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे शिक्षकांची मासिक गोष्ठी. महिन्यातून एकदा परिसरातले शिक्षक एकत्र जमून कोणता प्रयोग वर्गात फसला आणि का, ते बोलायचे. 2002 मध्ये सरकारने तो बंद केला. चांगलं चाललेलं काम एका आदेशाने थांबू शकतं, हेही तिला आधीच ठाऊक असलेलं बरं.

आता रस्ते. बी.एड.ची सीईटी द्यायची, ते झालं की शिक्षक भरतीची टेट (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी), मग पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून माध्यमिकला 18,000 रुपये मानधन, अकरावी-बारावीला 20,000, नंतर वेतनश्रेणी. एम.एस्सी. असल्याने तिला दोन्ही दारं उघडी आहेत, पण तिचा ओढा पाहता मी आठवी ते दहावी घ्यायला सांगेन. पाच-सहा वर्षं मन लावून शिकवावं, सोबत एम.एड. करावं आणि अधिव्याख्याता पदाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावं. तिच्या मनातलं काम सर्वांत जास्त ‘डाएट’मध्येच आहे.

एमपीएससीबद्दल स्पष्टच सांगतो. उपशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी ही मानाची पदं आहेत आणि पगारही चांगला. पण त्या टेबलावर दिवस जातो तो संचमान्यता (शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवणं), वैयक्तिक मान्यता (एकेका शिक्षकाच्या नेमणुकीला मंजुरी), न्यायालयीन प्रकरणं यांत. विज्ञानासाठी आठवड्यातला एक तास मिळाला तरी नशीब. तिला प्रशासन आवडत असेल तर जरूर जावं; विज्ञानासाठी म्हणून जाऊ नये.

तिसरी वाट संशोधनाची. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिथे विज्ञान शिक्षणात पीएच.डी. करता येते. शिवाय फिरत्या प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्था आहेत. तिथे काम भरपूर शिकायला मिळतं, पण नोकरी बहुधा कंत्राटी. घरची जबाबदारी तिच्यावर नसेल तर बी.एड.नंतरचं एक वर्ष तिथे घालवायला हरकत नाही.

आणि एम.एस्सी.ची परीक्षा तोंडावर येण्याआधी बार्शी तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन लागलं की तिला एक दिवस तिथे पाठवा. मुलांची मॉडेल्स सगळेच बघतात; तिने प्रयोगशाळा परिचरांच्या गटाच्या टेबलाशी तासभर उभं राहावं आणि त्यांना विचारावं, तुमच्या शाळेत कपाट कधी उघडतं?