व्हाइटला कमी पळवा

प्रश्न : दोन वर्षं अंधेरीच्या पार्लरमध्ये नाइन-बॉल (पूलचा प्रकार, यात बॉल क्रमांकानुसार मारायचे) खेळतोय. पॉटिंग (बॉल खिशात घालणं) बरं आहे, पण तीन-चार बॉलनंतर व्हाइट (क्यूने, म्हणजे काठीने मारायचा पांढरा बॉल) भलतीकडेच जातो. मग साइड (व्हाइटला कडेला मारून दिलेली फिरकी) लावून, दोन-तीन कुशन (टेबलाच्या कडा) फिरवून सावरावं लागतं. राल्फ सूकेसारखे खेळाडू विशेष काही करताना दिसत नाहीत, तरी टेबल साफ होतं. त्यांच्याकडून नेमकं काय उचलावं?
– एक वाचक, अंधेरी

उत्तर : त्यांचं निम्मं काम वाकण्याआधीच उरकलेलं असतं. सूके (१९९६चा नाइन-बॉल आणि २००८चा एट-बॉल विश्वविजेता) शॉट सोपा असो की अवघड, त्याच क्रमाने शॉटच्या रेषेवर येऊन वाकतो.

आधी साइड सोडा. उजवी साइड लावली की व्हाइट क्यूच्या रेषेच्या किंचित डावीकडे निघतो, पुढे वळतो, शिवाय समोरच्या बॉलला ढकलतो. तीन चुका एकदम सांभाळायच्या कशाला? दोनच रेषा पाठ करा. स्टन मारला (म्हणजे टक्कर होताना व्हाइट पुढे-मागे फिरत नसेल), तर व्हाइट पॉट होणाऱ्या बॉलच्या वाटेला काटकोनात सुटतो. नुसता घरंगळत जाऊन पाव ते पाऊण जाडीने (समोरच्या बॉलचा तेवढा भाग झाकत) लागला, तर आपल्या मूळ वाटेपासून साधारण ३० अंश वळतो. तर्जनी आणि मधलं बोट सैल पसरा, तेवढाच कोन. बहुतेक पोझिशन यातच बसतात.

आता तुमची खरी अडचण. एक नंबरचा बॉल पॉट करताना दोन नंबरसाठी व्हाइट कुठे थांबवायचा, हे तीन नंबर कुठे आहे यावर ठरतं. दोनवर अगदी सरळ येऊ नका. व्हाइट फक्त पुढे-मागेच जाऊ शकतो आणि तुम्ही अडकता. थोडा कोन ठेवा, तोही तीनच्या बाजूचा. चुकीच्या बाजूला आलात की कुशनची वरात सुरू! दुसरं, व्हाइट पुढच्या शॉटच्या रेषेवरून येऊ द्या, तिला आडवा छेदून नको. रेषेवरून आला तर फूटभर कमी-जास्त चालतं. आडवा आला तर चार इंचांत कोन बिघडतो.

सरावाला तीन बॉल टाका, व्हाइट हातात घ्या, साइड बंद. प्रत्येक शॉटआधी व्हाइट कुठे थांबणार तिथे क्यूने दाखवा. दहापैकी सात वेळा जमलं की चौथा बॉल. चुकलं तर बहुधा वेग चुकलेला असेल, दिशा नव्हे.

बघायला स्नूकरमधून १९९५मध्ये पूलकडे वळलेली अ‍ॅलिसन फिशर घ्या. पूलचा दिग्गज एफ्रेन रेयेसचे कुशनवरचे चमत्कार पाहून टाळ्या वाजवा, नक्कल मात्र इतक्यात नको.

आणि हो, पावसाळ्यात एसी नसलेल्या पार्लरमध्ये कापड दमट होतं, व्हाइट आखूड पडतो. लोक मग जोर वाढवतात आणि क्यूची टिप (टोक) हलते. आधी पाच मिनिटं नुसता व्हाइट टेबलभर वर-खाली मारून वेगाचा अंदाज घ्या. बॉलही कोरड्या फडक्याने पुसा. मळलेले बॉल एकमेकांना धरतात आणि कट (तिरका शॉट) जाड जातो.