फास्ट प्रोसेसर घेतला पण रॉमच नाही!

प्रश्न : माझा जुना फोन स्नॅपड्रॅगन ८४५ वाला, त्यावर लिनेजओएस ही रॉम (म्हणजे कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी टाकायची, इतरांनी बनवलेली सिस्टम) अजून मस्त चालते. मग दुसऱ्या एका चिप कंपनीचा नवा, कितीतरी फास्ट प्रोसेसर असलेला फोन घेतला तर त्याला धड एक रॉम नाही, जी मिळाली ती टाकली तर कॅमेरा उघडला की सगळं हिरवं. कंपनीने कर्नलचा (अँड्रॉइडच्या गाभ्याचा) सोर्स कोड तर दिलाय, मग अडतंय कुठे?

उत्तर : दिलाय म्हणजे काय, द्यावाच लागतो, अँड्रॉइडचा लिनक्स कर्नल जीपीएल व्हर्जन २ या लायसन्सखाली आहे, त्यात सोर्स उघड करणं बंधनकारक असतं. पण बरेचदा एक भलीमोठी झिप टाकून मोकळे होतात, कुठला बदल कशासाठी केला याचा पत्ता नाही, बसा ढीग उपसत. आणि कॅमेऱ्याचं इमेज प्रोसेसिंग, मॉडेमचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) वगैरे त्या लायसन्सच्या बाहेर, ते बंद डब्यातच राहतं. तुमचा हिरवा रंग बहुतेक त्याच डब्यातून येतोय.

८४५ चं नशीब वेगळं. त्याच्या ॲड्रिनो जीपीयूसाठी (ग्राफिक्स चिपसाठी) फ्रीड्रिनो हा ओपन ड्रायव्हर डेव्हलपर रॉब क्लार्क यांनी २०१२ च्या सुमारास रिव्हर्स इंजिनिअरिंग करत, म्हणजे चिप कशी चालते ते बाहेरून शोधून काढत, सुरू केला होता, पुढे व्हल्कन या ग्राफिक्स इंटरफेससाठी टर्निप हा ड्रायव्हर आला, आणि चिपचा सपोर्ट थेट मेनलाइन, म्हणजे लिनक्सच्या मूळ अधिकृत, कर्नलमध्ये गेला, म्हणूनच वनप्लस ६ आणि पोको एफ१ वर आज पोस्टमार्केटओएस ही फोनसाठीची लिनक्स सिस्टमसुद्धा चालते. इतर चिपांमध्ये असणाऱ्या नव्या माली जीपीयूंसाठीचा पँथॉर ड्रायव्हर मात्र कर्नलमध्ये आला तो २०२४ मध्ये, ६.१० ला.

तरी चिपचा सपोर्ट म्हणजे फोनचा सपोर्ट नव्हे हां. कुठला पार्ट कुठल्या पिनला जोडलाय हे सांगणारी डिव्हाइस ट्री प्रत्येक मॉडेलची वेगळी लिहावी लागते. स्क्रीनच्या रीसेट पिनचा एक नंबर चुकला की फोन आतून बूट होतो, यूएसबीवरून उत्तरंही देतो, फक्त स्क्रीन काळीठिक्कर! त्यात एकाच मॉडेलमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे पॅनल निघाले की डेव्हलपर डोकं धरून बसतो. पिक्सेलवाल्यांना रॉम बनवायला लागणाऱ्या मॉडेलच्या कॉन्फिगरेशन फाइल्स (त्यांनाही डिव्हाइस ट्रीच म्हणतात, पण त्या वेगळ्या) गूगलकडून आयत्या मिळायच्या, पण जून २०२५ मध्ये अँड्रॉइड १६ च्या सोर्ससोबत गूगलने पिक्सेलच्या डिव्हाइस ट्री दिल्याच नाहीत.

पुढचा फोन घेताना बेंचमार्क राहू द्या, आधी बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टम लोड करणारा प्रोग्राम) अनलॉक होतो का बघा, मग चिपचा कोड नंबर मेनलाइन कर्नलच्या डीटीएस फोल्डरमध्ये (जिथे डिव्हाइस ट्रीच्या फाइल्स असतात) शोधा, उदाहरणार्थ स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ म्हणजे एसएम८६५०. आणि आत्ताच्या फोनवर, रॉमवाल्याने सांगितलेली फर्मवेअर व्हर्जन तंतोतंत तीच आहे का तेवढं तपासा, हिरवा कॅमेरा कधी कधी एवढ्यानेच सुधारतो.