चित्र येत नाही, तरी काढू का?

आयसीयूत नाइट करून घरी आलीस की ना झोप येते ना रडू. सगळे म्हणतात चित्रं काढ, पण शाळा सुटल्यापासून ब्रश धरलेला नाही. मग उपयोग होईल का, असं विचारलंयस.

होईल. फक्त चांगलं चित्र काढायला बसू नकोस. वॉर्डात आपल्याला डोस, वेळ, नोंद सगळं बिनचूकच लागतं; कागदावरही तेच करायला गेलीस तर ती आणखी एक ड्युटी. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ जणांना पाऊण तास मार्कर, क्ले, कोलाज यांतलं हवं ते करू दिलं. सुमारे ७५ टक्क्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, उतरलं, आणि कला आधी येत होती की नाही, याने फरक पडला नाही. २०१६चा हा अभ्यास छोटाच, पण तुझी शंका नेमकी तीच आहे.

मला माती मानवली. इथे कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मागितली की मिळते. दिवसभर ग्लोव्हजमध्ये असलेल्या हातांना तो ओला गारवा लागला की खांदे आपोआप खाली येतात. मी बैल करते. बेंदराला कुणी पुजणार नाही असले! झाले की मोडून परत बादलीत. फोटो नाही, स्टेटस नाही. एकदा लोक 'मस्त' म्हणायला लागले की आपण त्यांच्यासाठी करायला लागतो. पेशंटचा चेहरा काढावासा वाटला तर काढ, पण ओळख पटेल असं काही कुणाला दाखवू नकोस. आणि वही घेऊन रंकाळा तलावावर बसू नकोस बाई. चित्रकार आबालाल रहिमानांचं गाव हे, भेळ खाता खाता मागून सल्ले देतात.

पण सलग नाइट आणि एकीवर टाकलेले जादा बेड मातीने सुटत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली बर्नआउट (कामाने पार थकून जाणं) नोकरीतल्या ताणाशी जोडलाय, त्याला आजार म्हटलेलं नाही. मेट्रनना लेखी द्या, तेही चौघींनी मिळून. एकटीचा अर्ज फायलीत जातो.

रडूसुद्धा येत नाही हे मात्र मला खटकलं. आठवडे झाले असतील तर रंगांची वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांना भेट. जगणंच नकोसं वाटत असेल तर आजच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव. फुकट आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलतात.