वेळेची नोंद ठेवल्याने टाळाटाळ खरंच कमी होते का?

हो, कमी होते, पण नोंद कशाची ठेवता यावर सगळं आहे. तुम्ही लिहिलंय की एमपीएससीसाठी रोज आठ-आठ तास अभ्यासिकेत बसता, तरी पुस्तक पुढे सरकत नाही आणि आता बसायचाच कंटाळा येतो. माझी दोन वर्षं अशीच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. आई बिड्या वळायची. सूप मांडीवर घेऊन सकाळी बसली की मधे स्वयंपाक, आलं-गेलं, नळाला पाणी आलं की भरणं, सगळं चालायचं. पण कारखान्यात माल द्यायला गेल्यावर किती वेळ बसलीस हे कुणी विचारत नसे. २५-२५ च्या जुड्या मोजायच्या, खराब बिड्या बाजूला, उरलेल्यांची हजारावर मजुरी. एका रात्री तिनं मला साधंच विचारलं, "दिवसभर बसलास, झालं किती?" मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी वही केली. ते पान अजून जपून ठेवलंय: ९.४० इतिहास. ९.५२ मोबाईल. १०.२५ परत इतिहास. १०.४० चहा, मित्र भेटला. ११.३० परत. संध्याकाळी बेरीज मारली तर आठ तासांत निव्वळ अभ्यास २ तास १० मिनिटं. पोटात गोळा आला. पण खरा आकडा पहिल्यांदाच डोळ्यांसमोर होता.

अलेक्झांडर ल्युबिश्चेव्ह नावाचे रशियन कीटकशास्त्रज्ञ १९१६ पासून १९७२ मध्ये वारले तोवर अशीच नोंद ठेवत, कामात मधे गेलेला वेळ वजा करून. हे मला फार नंतर कळलं.

दोनेक आठवड्यांची पानं चाळल्यावर दिसलं की माझा चहा, मोबाईल, गप्पा, सगळं गणिताच्या तोंडावरच येत होतं. तो आळस नव्हता हो, सुरुवात कुठून करायची तेच ठरलेलं नसायचं. मग रात्रीच लिहून ठेवू लागलो, "उद्या शेकडेवारीची १० उदाहरणं", आणि उठल्यावर थेट तिथंच. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की दुपारी २ ते ५ ची जागा कोरीच राहायची. स्वतःला दोष देणं सोडलं, पहाटे ५ ला बसू लागलो आणि दुपारी सरळ झोपलो.

नोंद त्या त्या वेळीच करा, रात्री आठवून नको. आठवून लिहिलेला अभ्यास नेहमी जास्त भरतो. ॲपपेक्षा कागद बरा, कारण वेळ टिपायला फोन उचलला की तो लवकर खाली ठेवला जात नाही. आणि एकदम दुप्पट करायला जाऊ नका, कालच्यापेक्षा १५ मिनिटं जास्त झाली तरी खूप. माझा निव्वळ वेळ चार महिन्यांनी साडेपाच तासांवर आला. त्याच्या वर तो कधी गेला नाही, आणि परीक्षेला तेवढा पुरला.