आखाजीला दोघींचं एकदम नको

प्रश्न: माझं वय 29. माहेर अमळनेरजवळ, सासर धुळ्याला. माझं वजन 104 किलो, आईचं 98. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) माझा 40 च्या वर, तिचा 42. आईला अकरा वर्षांपासून शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. सुरतच्या सर्जननी वजन उतरवायला मला स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकणं) आणि तिला जठराचा बायपास (जठर लहान करून पुढच्या आतड्याला जोडणं) सुचवलाय. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी माहेरी येतेच, तर एकाच दिवशी, एकाच खोलीत दोघींचं उरकावं असं आई म्हणते, एकमेकींना धीर राहील. घरात बाबा आणि धाकटा भाऊ. नवऱ्याला माहीत आहे, सासूबाईंना सांगायचं नाही असं ठरलंय. आई मिसरी लावते, ते डॉक्टरांना सांगितलेलं नाही. आम्हाला पुढच्या वर्षी मूल हवंय. काय करू? (नाव गाळले आहे)

उत्तर:

ताई, ऑपरेशन दोघींनी खुशाल करा, पण एका दिवशी नको, आणि आखाजीला तर नकोच.

आधी आखाजीचं बघू. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे पाणी घटाघट पिता येत नाही. 30 मिलीचा औषधाचा कप घ्यायचा आणि पंधरा-पंधरा मिनिटांनी तेवढंच घोट-घोट संपवायचं. म्हणजे तासाला 120 मिली, जागेपणीच्या चौदा तासांत पावणेदोन लिटरसुद्धा नाही. वैशाखात आपल्याकडे पारा 44-45 ला टेकतो, घाम वेगळाच. डिस्चार्जनंतर पुन्हा सलाइन लावायला दवाखान्यात जावं लागतं त्याचं एक नेहमीचं कारण शरीरातलं पाणी कमी होणं हेच असतं. शिवाय आखाजी म्हणजे घरात आमरस-पुरणपोळी. आमरस पातळ, म्हणून "चालतो की" असं कुणीतरी म्हणणारच. तो घशाखाली सहज उतरतो हीच तर अडचण आहे. बायपासच्या माणसाला इतकी साखर एकदम आतड्यात गेली की घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब.

आता एकाच दिवसाचं. धीर द्यायला उभं असलेलं माणूस लागतं. ऑपरेशन झालेल्या बाईने साधारण चार ते सहा आठवडे पाच किलोच्या वर उचलायचं नाही, म्हणजे हंडा, पिठाचा डबा, भाच्याला कडेवर घेणं सगळं बंद. दोघी एकाच वेळी आडव्या झाल्या तर मिक्सर कोण लावणार, कप कोण मोजणार? आणि मुख्य म्हणजे नाडीकडे लक्ष कोण ठेवणार? पोटाच्या शिवणीतून गळती झाली तर ती पुष्कळदा घरी आल्यावर, पहिल्या आठ-दहा दिवसांत कळते. नाडी 120 च्या वर टिकून राहणं, धाप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात दुखणं ही तिची लक्षणं. ताप नसला तरी गाडी काढायची. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तरीही थांबायचं नाही. एकीची नाडी दुसरीने बघायची आणि तिची पहिलीने, असा कारभार चालत नाही. म्हणून डिस्चार्ज मिळाला तरी आठवडाभर सुरतलाच मुक्काम ठेवा. तिथून अमळनेर गाडीने सोयीचं असलं तरी रात्री दोनला ती सोय उपयोगाची नाही.

आधी कोण? माझं मत: तुम्ही. आईचं शरीर अजून तयार नाही. मिसरी हा तंबाखूच आहे. त्याने जखम भरायला वेळ लागतो, आणि बायपासच्या जोडावर अल्सर होण्याचा धोका वाढतो. निदान सहा आठवडे आधी बंद, आणि नंतर कायमची बंद. हे सर्जनना आणि भूल देणाऱ्यांना दोघांनाही सांगा, तुमच्या आईसमोर सांगा. तेवढ्या काळात शुगरही आटोक्यात आणता येईल. पाऊस पडून हवा निवली की तुमचं, दिवाळीनंतर आईचं. तुमच्या वेळी ती करेल, तिच्या वेळी तुम्ही. बायपासनंतर इन्सुलिनची गरज काही दिवसांतच उतरते. जुना डोस चालू ठेवला तर शुगर एकदम खाली जाते, तेव्हा रोज मोजून डॉक्टरांना कळवणारं कुणीतरी शेजारी हवंच.

मुलाचा विचार पुढच्या वर्षी नको. ऑपरेशननंतर 12 ते 18 महिने थांबतात, वजन झपाट्याने उतरत असताना गर्भाला पोषण पुरत नाही. वजन कमी झाल्यावर पाळी सुधारते आणि दिवस लवकर राहू शकतात, म्हणून तांबीबद्दल आधीच विचारून ठेवा.

स्वयंपाकघरात दोघींचा खरा कस लागेल तो प्रथिनांवर. दिवसाला 60 ग्रॅम तरी लागतात. वरणाचं पाणी म्हणजे ताकद, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसलीय. त्या पाण्यात जवळपास काही नसतं. पहिले दोन आठवडे पातळ आहार, तेव्हा दूध, ताक आणि डॉक्टरांनी दिलेली प्रोटीन पावडर. मग दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं घट्ट वरण, मऊ अंडं, कुस्करलेलं पनीर. भरीत मिरची-तेल कमी करून चालेल, पण ते तोंडी लावण्यापुरतं. बट्टी आणि कोरडी कळण्याची भाकरी लहान झालेल्या पोटाच्या तोंडाशी अडकते, मग छातीत दाटून येतं आणि उलटी. भाकरी पाच-सहा आठवड्यांनंतर, वरणात भिजवून, लहान घास, चावून चावून. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. उलट्या थांबल्याच नाहीत तर वाट बघू नका, बी-1 जीवनसत्त्व कमी पडून नसांना इजा होते.

जीवनसत्त्वं आणि खनिजांच्या गोळ्या दोघींनाही जन्मभर. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं.

वजनकाटा मात्र घरात दोघींचा एक नको, निदान आकडे एकमेकींना सांगू नका. तुमचं वय कमी, ऑपरेशन वेगळं. वर्षभरात मूळ वजनाच्या पंचवीस ते तीस टक्के उतरणं ही नेहमीची चाल आहे, मधुमेह असलेल्यांचं त्याहून कमी उतरतं. पण इन्सुलिन सुटलं तर आईचा फायदा तुमच्यापेक्षा मोठा, तो काट्यावर दिसत नाही.

विम्याचं: बीएमआय 40 ची अट दोघी पूर्ण करता. तरी आधी आहार-व्यायामाने प्रयत्न केल्याचे कागद आणि डॉक्टरांचं लेखी शिफारसपत्र लागेल. पॉलिसीतला प्रतीक्षा काळ बघून मगच तारीख घ्या.

राहिल्या सासूबाई. लपणार नाही हो. अर्ध्या पोळीवर उठाल, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागतील (ते परत येतात) आणि मग त्या काहीबाही शंका काढतील. नवऱ्याने आधीच सांगावं, तुम्ही नव्हे. किती किलो, किती खर्च हे सांगायची गरज नाही, "पोटाचं ऑपरेशन आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, वर्षभर थोडं-थोडंच खाईल" एवढं पुरे. आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो नवऱ्याच्या, भावाच्या, सासूबाईंच्याही मोबाइलमध्ये असू द्या. धुळ्यात रात्री पोट दुखलं तर तिथल्या डॉक्टरांना कुठलं ऑपरेशन झालंय हे लगेच कळलं पाहिजे. आईच्या बाबतीत तर मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळी कुणी हातावर ठेवू नये म्हणूनही तो फोटो हवा, बायपासनंतर त्यातल्या बऱ्याच गोळ्या अल्सर करतात.